मदत हवी आहे: पिमा मधुमेह डेटातल्या शून्यांच्या जागी आकडे भरले आणि अचूकता एकदम वाढली

पिमा मधुमेहाचा नेहमीचा डेटा घेतलाय: अ‍ॅरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी समाजातल्या ७६८ स्त्रिया, पैकी २६८ जणींना मधुमेह. कोरी जागा एकही नाही, पण इन्सुलिन ३७४ ओळींत ०, त्वचेच्या घडीची जाडी २२७ ओळींत, रक्तदाब ३५, बीएमआय ११ आणि ग्लुकोज ५ ओळींत ०, म्हणजे मोजलेलंच नाही. कोडच्या एका नोटबुकात बघून गटवार मध्यक भरला. इन्सुलिनसाठी मधुमेह नसलेल्यांना १०२.५, असलेल्यांना १६९.५. रँडम फॉरेस्टची (अनेक निर्णयवृक्षांच्या मॉडेलची) अचूकता ७६ वरून ८८ टक्क्यांवर गेली. काही चुकतंय का?

जुनाखेळाडू:
पेपर फुटलाय. कुठला मध्यक भरायचा हे तुम्ही उत्तराचा रकाना बघून ठरवलंत. मूळ इन्सुलिनचे आकडे सगळे पूर्णांकात आहेत. म्हणजे १०२.५ दिसलं की मधुमेह नाही (२३६ ओळी), १६९.५ दिसलं की आहे (१३८ ओळी). झाडाला दोन फांद्या पुरतात, निम्मा डेटा पाठ. खरी पेशंट समोर येईल तेव्हा तिचा गट कुठून आणणार?

धागाकर्ता:
मग शून्यवाल्या ओळी काढूनच टाकू?

जुनाखेळाडू:
३९२ उरतील. जाडी नाही तिथे इन्सुलिनही नाही, २२७ च्या २२७ ओळींत. म्हणजे हे सुटे अपघात नाहीत, मोजमापंच एकत्र घ्यायची राहिलीत. असं करा:
त्या पाचच रकान्यांतलं ० रिकामं करा. मग ट्रेन (शिकवायच्या ओळी) आणि टेस्ट (तपासायच्या ओळी) वेगळे करा, दोन्हींत मधुमेहींचं प्रमाण सारखं ठेवून. मध्यक फक्त ट्रेनमधून, गट न पाडता काढा आणि तोच टेस्टमध्ये भरा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत सिंपल इम्प्युटर (रिकाम्या जागा भरणारा भाग) पाइपलाइनच्या, म्हणजे पायऱ्यांच्या साखळीच्या, आत ठेवलात की क्रॉस व्हॅलिडेशनच्या (आळीपाळीने वेगळा तुकडा तपासायला ठेवण्याच्या) प्रत्येक फेरीत हे आपोआप होतं. बाहेर ठेवलात तर टेस्टच्या माहितीची पुन्हा गळती, जरा कमी एवढंच. 'अ‍ॅड इंडिकेटर' चालू ठेवा, म्हणजे 'मोजलं नव्हतं' ही माहितीही मॉडेलला मिळते.

रकानेवाली:
आधी इन्सुलिनचा रकाना सरळ वगळून बघा. ४९ टक्के रिकामा आहे, त्यात एकच आकडा कोंबून काय मिळणार? आणि नुसत्या अचूकतेवर जाऊ नका. सगळ्यांना 'मधुमेह नाही' म्हटलं तरी ६५ टक्के मिळतात! २६८ पैकी किती जणी पकडल्या ते लिहा. १९८८ च्या मूळ अभ्यासात ५७६ ओळींवर शिकवून १९२ वर तपासलं होतं. संवेदनशीलता (मधुमेहींपैकी किती पकडल्या) आणि विशिष्टता (मधुमेह नसलेल्यांपैकी किती बरोबर ओळखल्या) दोन्ही ७६ टक्के. तुमचे सुरुवातीचे ७६ काही वाईट नव्हते.

(तुमचा एकट्याचा दोष नाही. हा डेटा जिथे ठेवला होता त्या यूसीआय या डेटासंग्रहाच्या पानावरच २०११ पर्यंत 'गहाळ मूल्यं नाहीत' असं लिहिलेलं होतं.)

धागाकर्ता:
गर्भारपणांच्या रकान्यातही शून्यं आहेत. तीही रिकामी करायची?

रकानेवाली:
नाही. ती खरी आहेत, हात लावू नका.