खुबा दुखतो उजवा, मग काठी डाव्या हातात का??

हाडवैरी:
फिजिओ सेकंड इयर. काल व्हायवात सरांनी विचारलं, उजवा ग्लुटिअस मेडियस (खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा मसल) वीक असेल तर उजव्या पायावर उभं राहिल्यावर पेल्व्हिस (कमरेचं हाड) कुठल्या बाजूला पडेल, मी ठोकून दिलं उजव्या, सर नुसते हसले आणि पुढचा रोल नंबर. घरी येऊन बघतो तर डाव्या. बरं ते घोकीन, पण आजीचा उजवा खुबा दुखतो आणि ती काठी उजव्याच हातात धरते, पुस्तक म्हणतं डाव्या. डोकं फिरलंय.

रिटायर्ड_खांदा:
घोकू नको, उभा रहा. उजव्या कमरेच्या हाडाखाली बाजूला बोटं रुतव आणि डावा पाय उचल. कडक लागलं ना, तोच मेडियस. तो उजवीकडून खाली ओढतो म्हणून डावी बाजू वर राहते, त्यानं सोडलं की डावी पडली. कावड समज, खांदा म्हणजे हिप जॉइंट, पण मधोमध नाही. आतल्या बाजूला वजन 10 सेंमीवर, बाहेर मसल 5 वर. 60 किलोचा माणूस, टेकलेल्या पायाचे 10 सोडले तर 50 उरतात, म्हणजे मसलला 100 किलोनं ओढावं लागतं आणि सांध्यावर दोन्ही मिळून 150. (ढोबळ आहे हां, मसल तिरका ओढतो वगैरे सोडून दिलंय.)

चालतबोलत:
+1. आता काठी घाल त्यात. डाव्या हातानं फक्त 5 किलो जोर दिला, सांध्यापासून 40 सेंमी लांब, म्हणजे 50×10 = 500 मधून 5×40 = 200 गेले, उरले 300, भागिले 5, मसलला 60 पुरतात, सांध्यावर 50 + 60 - 5 = 105. पाच किलोत पंचेचाळीस वाचले! उजव्या हातात धरली तर फायदा हवा म्हणून अख्खं अंग तिकडे झुकवत चालावं लागतं, आजी तशीच चालते ना? आणि मेडियसला चालवणारी सुपीरियर ग्लुटिअल नर्व्ह, मणक्यातली मुळं एल४ एल५ एस१, करून जा, सर पुढे तेच विचारणार.

हाडवैरी:
हो रे, तशीच झुकत चालते!! आत्ता सांगून आलो तर म्हणते डाव्या हातात काठी धरली तर भाजीची पिशवी कुठं धरू.

रिटायर्ड_खांदा:
उजव्यात. दुखऱ्या बाजूची पिशवी मेडियसलाच मदत करते, त्याच कावडीत बाहेरच्या बाजूला टांगलेली. फक्त कांदेबटाटे तू आण.