'ले वाल्सोझ' बघताना तुम्ही हसलात का?

परवा परत बघितला. दिग्दर्शक बेर्त्रां ब्लिएचा १९७४ चा फ्रेंच सिनेमा, त्यात नट देपार्दिअ आणि दवेर, नटी मिऊ-मिऊ. दोन उनाड पोरं, चोरलेली गाडी, भेटेल त्या बाईशी वाट्टेल तसं वागायचं आणि हे सगळं कॉमेडी म्हणून. नावसुद्धा गोट्यांसाठीचा रांगडा बोलीतला शब्द. फ्रान्समध्ये ५० लाखांवर लोकांनी थेटरात पाहिला. अमेरिकेत समीक्षक पॉलीन केलनी उचलून धरला, दुसरे समीक्षक रॉजर ईबर्टनी बाईद्वेष्टा म्हणून एक स्टार दिला. मला दोघांचंही पटतं आणि त्याचाच त्रास होतोय. तुमचे अनुभव लिहा, मोकळेपणाने.

रातकिडा: हॉस्टेलला पाहिला होता, आठ-दहा पोरं आणि एक टीव्ही. ट्रेनमध्ये बाळाला पाजणारी आई आणि हे दोघं तिला पैसे देऊ करतात, तिथे आम्ही शिट्ट्या मारल्या. मागच्या वर्षी बायकोबरोबर पाहिला तर ती एवढंच म्हणाली, अरे मांडीवर लेकरू आहे, समोर हे दोघं, ती नाही कशी म्हणणार? मला पुढचा सिनेमा धड बघताच आला नाही.

लिऑनकर: इथे फ्रान्समध्ये माझ्या ऑफिसात साठीच्या पुढचे लोक अजून डायलॉग म्हणतात, त्यांच्यासाठी तो १९६८ च्या विद्यार्थी उठावानंतरचा मोकळा श्वास आहे, आणि पंचविशीतली कलीग म्हणते मोकळा कुणाचा? मे २०२५ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने देपार्दिअला लैंगिक अत्याचारासाठी दोषी ठरवलं (त्याने अपील केलंय), तेव्हापासून लंचला हा विषय निघाला की आवाज चढतातच.

मोगरा_७: मी सिनेमाच्या बाजूने. नटी झान मोरोचा भाग आठवा ना, तुरुंगातून सुटलेली बाई, दोघं तिला खाऊ घालतात, लाड करतात, आणि त्या रात्रीनंतर ती स्वतःला गोळी घालून घेते. त्या पोरांना काही कळतच नाही, ब्लिए दाखवतोय ते हेच. वरून संगीतकार ग्रापेलीचं व्हायोलिन, इतकं हलकं की पोटात कालवतं.

सुमी: पटलं, पण मारी-आंजचं, म्हणजे मिऊ-मिऊच्या पात्राचं काय? तिला पहिल्यांदा सुख मिळतं तेही तिसऱ्याच पोराबरोबर, आनंदाने सांगत येते आणि हे दोघं तिला पाण्यात फेकतात. मी बहिणीबरोबर बघत होते, दोघीही हसलो. मग बहिणीने रिमोट घेऊन सीन मागे घेतला आणि दुसऱ्यांदा आम्ही नुसता मिऊ-मिऊचा चेहरा बघत बसलो.