मुलीचा गोल्फ स्विंग आणि जिम : तेराव्या वर्षी कितपत?

प्रश्न : मुलगी पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर खेळते. यंदा उंची झपाट्याने वाढली आणि स्विंगचा ताल बिघडला. ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याची काठी) मारताना तोल जातो, अधूनमधून कंबर धरते. कोच म्हणतात जिम लावा. या वयात वजनं उचलू द्यावीत का?

उत्तर : ताई, मी फिजिओ आहे, या वयाची मुलं रोज बघते. आधी कंबरेचं बोलू. मागे वाकताना एका बाजूला कळ येत असेल, तर स्विंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. वाढत्या वयात मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवारच्या ताणाने पडणारी बारीक चीर) होऊ शकतं, फास्ट बोलर पोरांना होतं तेच. यात हयगय नकोच.

वजनांनी उंची खुंटते हा गैरसमज आहे, फक्त शिकवणारा जाणकार हवा. पण त्याआधी डावा खुबा आतल्या बाजूला किती वळतो ते तपासून घ्या (ती उजव्या हाताने खेळते असं धरून). तो अडला की सगळा पीळ कंबरेवर येतो. मग स्क्वॉट, एका पायावरचा तोल, हलका मेडिसिन बॉल (व्यायामाचा भरीव चेंडू) कडेने भिंतीवर फेकणं. जोर हातातून नाही, पायांतून यायला हवा.

आणखी एक उत्तर : लांब मारायची घाई नको. आपली गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली ती पटिंगच्या (भोकाजवळून चेंडू हलकेच आत ढकलण्याच्या) बळावर. तिचे ड्राइव्ह (ड्रायव्हरने मारलेले सुरुवातीचे फटके) इतरांपेक्षा आखूडच होते.

प्रश्नकर्ती : आत्ताच वाकायला लावलं. उजवीकडे कळ येते. उद्याच ऑर्थोपेडिककडे नेते, जिमचं नंतर बघू.