मदत हवी आहे : चौथीला टंचाई आणि निवड कशी शिकवावी?

नमस्कार. मी मुंबईत चौथीला परिसर अभ्यास शिकवते. गरजा, वस्तू, सेवा हे शब्द धड्यांत येतात, पण त्यामागची संकल्पना आपण शिक्षकांनी नेमकी कशी समजून घ्यायची, हे आमच्याकडच्या मार्गदर्शक साहित्यात फारसं उलगडलेलं नाही. अमेरिकेतल्या 2013 च्या ‘सी-3’ या सामाजिक शास्त्रांच्या शालेय शिक्षणासाठीच्या आराखड्यात मात्र, टंचाईमुळे निवड का करावी लागते हे दुसरी संपेपर्यंत मुलाला सांगता यावं, असं स्पष्ट लिहिलंय. एवढी नेमकी वाक्यं मराठीत कुठे मिळतील?

मागणी-पुरवठ्यासाठी मी मासळी बाजार घेते. जूनमध्ये यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी येते, बाजारात ताजी सुरमई कमी आणि भाव चढा. मग श्रावणात बरीच घरं मासे बंद करतात, म्हणजे गिऱ्हाईकच घटतं. कोळीवाड्यातली मुलं तर हे माझ्यापेक्षा छान सांगतात!

अडतं ते संधी खर्चापाशी. वीस रुपयांत वडापाव घेतला की वही राहिली, इथवर मुलं येतात. पण सोडून दिलेला सर्वांत चांगला पर्याय हीच खरी किंमत, हे नऊ वर्षांच्या मुलाला कसं सांगता? तुमचा एखादा खेळ, प्रश्नपत्रिका, टिपण असेल तर कृपया पाठवा. पुढच्या आठवड्यात हाच भाग घ्यायचाय.