मदत हवी आहे: उंची कमी, पोटरी भरलेली. चामड्याचे लांब रायडिंग बूट कसे निवडावेत?

नमस्कार मंडळी,

घोडेस्वारी करणारं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा. घोड्याशी संबंध नसला पण चामड्याच्या कामातलं कळत असेल तर तुम्हीही लिहा, कारण माझी निम्मी अडचण चामड्याचीच आहे.

मी ४३ वर्षांची, पुण्यात राहते. गेलं दीड वर्ष आठवड्यातून तीनदा सकाळी मुळशीच्या बाजूच्या एका पागेत घोडेस्वारी शिकायला जाते. शिकवणारे सर घोडदळातून रिसालदार म्हणून निवृत्त झालेत. मला दिलेली घोडी रेसमधून बाहेर पडलेली थरोब्रेड आहे. अंगाने सडपातळ आणि पायाच्या स्पर्शाला फार हळवी, माझी पोटरी जराशी हलली की ती निघालीच. दुडकी आता बऱ्यापैकी जमते, कँटर (दुडकीच्या पुढची वेगवान चाल) सुरू झालाय, आणि पावसाळ्यानंतर सर छोट्या उड्या शिकवायला घेणार आहेत.

सध्या घोट्यापर्यंतचे बूट आणि वर चामड्याचे हाफ चॅप्स (घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पोटरीवर चढवायचं आवरण) वापरते. शिकाऊ माणसाला तेच योग्य, हे मला मान्य आहे. खिशाला परवडतात, पहिल्या दिवसापासून मऊ असतात, आणि बूट फाटले तर नुसते बूट बदलता येतात. पण माझ्या चॅप्सची शिवण नेमकी गुडघ्याखाली चार बोटांवर, आतल्या बाजूला येते आणि रिकिबीचा, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचा, पट्टा तिथेच घासतो. तासाभराच्या दुडकीनंतर तिथे रुपयाएवढा लाल डाग उठतो, दोनदा तर कातडी सोलून निघाली. शिवाय चॅप हळूहळू फिरत जातो. बाहेरच्या बाजूची झिप नडगीवर येते आणि पाय पुन्हा पुन्हा सरळ करावा लागतो. त्या प्रत्येक हालचालीला घोडी विचारल्यासारखी कान मागे करते. सर म्हणाले, "मॅडम, आता लांब बूट घ्या. पाय शांत राहील, तिचाही गोंधळ होणार नाही."

खरं सांगायचं तर लांब बुटांचं वेड त्याआधीपासूनचं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाने सुवर्ण जिंकलं, घोडेस्वारीतलं १९८२ नंतरचं पहिलं. त्या चौघांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. टीव्हीवर घोड्याच्या पोटाशी एका रेषेत थांबलेले ते काळे, आरशासारखे बूट पाहिले आणि तेव्हाच ठरवलं की एकदा तरी शिकायचं. म्हणून माझ्या डोक्यात तसेच ड्रेस बूट होते. सरांनी समजावलं की ते पुढून सपाट आणि ताठ असतात, लांब रिकिबीवर बसणाऱ्यांसाठी ठीक. उड्यांसाठी रिकीब आखूड करावी लागते, गुडघा आणि घोटा दोन्ही जास्त वाकतात, म्हणून पावलाच्या उंचवट्यावर लेस असलेले फील्ड बूट घ्या. ते मला पटलं. तेवढं एक ठरलं आहे.

आता अडचण. मागच्या दिवाळीत एक जोड ऑनलाइन मागवला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यांनी फक्त पावलाचा नंबर विचारला, आणि मीही तेवढाच दिला, कारण आणखी काही लागतं हे मला माहीत नव्हतं. माझी उंची पाच फूट एक इंच. बूट "शॉर्ट" म्हणून आले, त्यावर उंची ४४ सेंटीमीटर लिहिलेली. मागची झिप शेवटच्या चार बोटांत अडायची. मुलगी दोन्ही हातांनी चामडं दाबून धरायची तेव्हा कशीबशी वर जायची. गुडघा वाकवला की वरची कड गुडघ्याच्या मागच्या खळग्यात रुतायची. तरी पाचदा घातले. पाचव्या दिवशी अरीनात उतरल्यावर उजव्या बुटाची झिप घोट्यापाशी उघडली ती वरपर्यंत उसवत गेली. दुकानाने वापरलेला माल म्हणून परत घेतला नाही. साडेनऊ हजार रुपये गेले, आणि त्याहून जास्त म्हणजे महिनाभर पागेत जावंसं वाटेना.

या वेळी चूक करायची नाही म्हणून माप नीट घेतलंय. खुर्चीवर बसले, पाय जमिनीवर सपाट, गुडघा काटकोनात, अंगात ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट विजार) आणि पायात रायडिंगचे मोजे. मुलीने शिवणाची टेप धरली. टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत ३८.५ सेंटीमीटर. पोटरी सर्वात जाड जागी सकाळी उजवी ४०, डावी ४१. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर पुन्हा मोजलं तर उजवी ४१, डावी ४२. आता यातलं खरं माप कुठलं?

बजेट १५ ते १६ हजार. पर्याय दोन दिसतात. एक, तयार फील्ड बूट, ज्यात झिपेलगत इलॅस्टिकची पट्टी असते. दुसरा, कानपूरच्या एखाद्या कारागिराकडून मापाने शिवून घेणे. तिथलं खोगीर-लगामाचं काम पिढ्यान्पिढ्यांचं आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, आणि आमच्या पागेतली दोन खोगिरं तिथलीच आहेत. फोनवर बोलले, माणूस नीट बोलला. पण माप मीच पाठवायचं, म्हणजे चुकलं तर चूक माझीच. झिप पुन्हा घ्यायची का, की झिपच नको? आणि पुण्याचा पावसाळा: जुलैत कपाटातल्या पर्सवर बुरशी येते, तिथे या बुटांचं काय होईल?

ज्यांनी स्वतः वापरले आहेत त्यांच्या अनुभवाची मनापासून वाट बघतेय.

पहिला प्रतिसाद

ताई, तुमची पहिली फसगत ४४ या आकड्यातच आहे. काही ठिकाणी बुटाची उंची जमिनीपासून मोजतात, टाच धरून. काही ठिकाणी टाचेच्या वरून. रायडिंग बुटाची टाच साधारण अडीच सेंटीमीटर असते, म्हणजे एकाच आकड्याचे दोन वेगळे बूट होतात. दुकानाला आधी हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरं, नवं चामडं घोट्यापाशी घड्या पडून खाली बसतं. दोन-तीन सेंटीमीटर तर सहज, मऊ चामडं असेल तर आणखी. म्हणून नवा बूट थोडा उंचच हवा, पहिले काही दिवस गुडघ्यामागे टोचणारच. तुमचे ३८.५ आहेत, बसण्यासाठी तीन धरा, म्हणजे टाचेच्या वर साडेएकेचाळीस. हाच बूट टाच धरून मोजणाऱ्या दुकानात ४४ म्हणून मिळेल. तुमचा जुना जोड टाचेच्या वर ४४ असणार, तो बसला असता तरी दोन-अडीच सेंटीमीटर उरलेच असते. नव्या जोडात घरी चालताना टाचेखाली फोमची गादी घाला. बूट हळूहळू खाली येतो तशी ती काढायची. मी पंधरा दिवस रोज अर्धा तास घरात घालून जिना चढले-उतरले, मग घोड्यावर बसले. गुडघ्यामागे कापडी चिकटपट्टी लावून.

पोटरीचं माप संध्याकाळचं आणि जाड पायाचं घ्या, म्हणजे ४२. टेप टेकलेली हवी, आवळलेली नको. आणि कानपूरला पाठवताना "थोडं सैल असू दे" म्हणून स्वतःचे दोन सेंटीमीटर घालू नका. कारागीर त्याच्या हिशेबाने सूट धरतोच, मग दोन्ही मिळून बूट पायात फिरतो. माझा पहिला जोड असाच वाया गेला. लांब बूट पोटरीला चिकटूनच बसला पाहिजे, चामडं वापराने सेंटीमीटरभर तरी सुटतं.

दुसरा प्रतिसाद

नमस्कार ताई. मी सैन्यात होतो, पंचवीस वर्षं बिनझिपेचे बूट वापरले. ते टिकतात यात वाद नाही. पण आत हुक घालून ओढावे लागतात, काढायला लाकडी बूटजॅक लागतो, आणि पाय घामेजला किंवा सुजला की दुसरा माणूस मदतीला लागतो. पावलाचा उंचवटा भरलेला असेल तर घोट्यातून पाऊल आत जातच नाही, आणि ते जावं म्हणून घोटा सैल ठेवला की सगळी फिटिंगच बिघडते. तुम्ही झिपच घ्या, पण धातूच्या जाड दातांची, आणि शिवतानाच सांगा की पुढे झिप बदलता येईल अशी शिलाई ठेवा. त्याच लांबीच्या दोन झिपा आत्ताच मागवून ठेवा. आमच्याकडचा मोची अर्ध्या दिवसात बदलून देतो, पण तेवढी लांब झिप त्याला बाजारात मिळत नाही.

झिप लावताना पाय सरळ, टाच जमिनीवर. गुडघा वाकवून ओढली की दात तिरके पडतात, बहुतेक झिपा त्यानेच जातात. उतरल्यावर जुन्या टूथब्रशने दातांतली माती काढायची आणि महिन्यातून एकदा मेणबत्ती फिरवायची.

तळ शिवलेला मागा. नुसता चिकटवलेला तळ चिखलात उकलतो. तळ गुळगुळीत असावा, खोल खाचांचा नको, कारण पडताना पाय रिकिबीतून सुटला पाहिजे. टाच मात्र हवीच, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जाईल. नवे बूट आले की रिकीब तपासा: बुटाच्या रुंद भागापेक्षा रिकीब साधारण एक इंच मोठी, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळं. तुमच्या आत्ताच्या पातळ बुटांना बसणारी रिकीब या बुटांना अरुंद पडू शकते. हे बूट कितीही सुंदर असले तरी आधी बघायचं.

कानपूरला पोटरी आणि उंची एवढंच पाठवू नका. गुडघ्याखालचा घेर, घोट्याचा घेर, टाच ते पावलाच्या उंचवट्यापर्यंतचा घेर, आणि उभं राहून कागदावर काढलेला दोन्ही पावलांचा नकाशा. डावा-उजवा वेगळा लिहायचा, तुमच्या पोटऱ्यांत सेंटीमीटरचा फरक आहेच.

तिसरा प्रतिसाद

घोड्यावर कधी बसलो नाही, पण घर कोल्हापूरचं आणि धंदा चपलांचा, म्हणून बुरशीबद्दल लिहितो. आमच्या चपलांचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्याला पाणी अजिबात सोसत नाही. बुटांचं चामडं बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, ते पाण्याला बरं, पण बुरशी त्यालाही सोडत नाही. बुरशीला घाम आणि कोंडलेली हवा लागते. म्हणून पागेतून आल्या आल्या ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा, घोड्याचा घाम खारट असतो. मग वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली उभे ठेवा. कागद दोन तासांनी बदला. उन्हात नको, गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नको. बंद कपाटापेक्षा पलंगाशेजारी उघड्यावर ठेवलेले बरे.

क्रीम महिन्यातून एकदा, बोटाने, पातळ थर. तेलाचा मारा करू नका, चामडं लुळं पडतं आणि बूट घोट्यापाशी आणखी खाली बसतो. आतल्या बाजूला, जिथे पाय खोगिराला लागतो, तिथे पॉलिश लावायचं नसतं असं आमच्याकडे बूट शिवायला येणारे एक स्वार सांगायचे. तिथे घसरतं आणि रंग खोगिरावर उतरतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. जुना जोड माळ्यावरून काढून आत्ताच मोजला: टाचेच्या वर ४४, जमिनीपासून साडेसेहेचाळीस. म्हणजे शॉर्ट लिहिलेला तो बूट माझ्यासाठी कधी शॉर्ट नव्हताच. पाय जाड म्हणून बसत नाही असं वर्षभर समजत होते. आज ते एक ओझं उतरलं.

तयार बुटांत टाचेच्या वर साडेएकेचाळीस आणि पोटरी ४२ असं एकत्र कुठेच दिसत नाही, तेव्हा कानपूरच. काळे फील्ड बूट, मागे झिप, तळ शिवलेला. घोट्याचा आणि उंचवट्याचा घेर उद्या संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर घेते. एकच राहिलं: रिकिबीचा पट्टा जिथे घासतो तिथे आतून जाड चामड्याचा वेगळा तुकडा शिवून घ्यावा का, की त्याने पायाला घोडी कमी जाणवेल? रविवारी ऑर्डर देणार आहे, त्याआधी कुणी हे करून पाहिलं असेल तर सांगा.