मदत हवी आहे : इटलीत, काम चालू असलेल्या घरात संसार कसा चालवायचा?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं नाशिकरोडला असतो, हे प्रेसमधून निवृत्त झालेत. मुलगा-सून म्युनिकला. त्यांनी इटलीत, पिएमोन्ते भागातल्या एका डोंगरावरच्या खेड्यात जुनं दगडी घर घेतलंय, सुट्टीत जाऊन राहायला. भोवती द्राक्षबागा, थेट आपल्या दिंडोरीकडे गेल्यासारखं. हौस दांडगी, दुसरं काय! पण म्युनिकहून गाडीने सात-आठ तास लागतात, म्हणजे त्यांना शनिवार-रविवारच मिळतो आणि गवंडी येतो सोमवार ते शुक्रवार. दार उघडायला घरचं कुणीतरी हवं, ते आम्ही. जुलैत निघून सप्टेंबरअखेर परतायचा बेत आहे. इकडे तेव्हा पाऊस, तसंही घरातच बसायचं.

मुलाने व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. स्वयंपाकघराच्या भिंती खरवडून दगड उघडा केलाय, ओटा नाही, फरशी नाही. पाणी फक्त बाथरूममध्ये, भांडीही तिथेच घासायची. वरच्या खोलीत दोन खाटा आणि टेबलावर एक इंडक्शन. वीज फक्त ३ किलोवॉट. इंडक्शन आणि गीझर एकदम लावले की मीटर ट्रिप होतो, आणि मीटर खाली रस्त्यालगतच्या पेटीत. बोलता बोलताच अंधार झाला आणि पोरगा टॉर्च घेऊन पायऱ्या उतरायला लागला. यांचे गुडघे बघता हे रोज जमायचं नाही.

तर, एका शेगडीवर दोन वेळचं कसं भागवायचं? इथून काय न्यावं? तूप नेऊ का? मिक्सर चालेल का? आणि गवंड्यांना चहा किती वेळा द्यायचा असतो तिकडे? इथे आपण दोनदा देतो, बिस्किटांसकट.

पाहुणा_तोरिनोचा :
काकू, आधी व्हिसाचं बघा. मुलगा जर्मनीत आहे म्हणून जर्मनीचा व्हिसा मागायला जाल. मुक्काम जास्त इटलीत असेल तर अर्ज इटलीकडेच करायचा. १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, म्युनिकचे दिवसही त्यातच धरतात. तिथे पोहोचल्यावर ४८ तासांच्या आत मुलाने पाहुणे आल्याचं स्थानिक पोलिसांना लेखी कळवायचं असतं. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

आणि ऑगस्टमध्ये जाऊन काय करणार? १५ ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो, म्हणजे उन्हाळी सुट्टीचा मोठा सण. त्याच्या आगेमागे गवंडी, प्लंबर, फरशीवाला, सगळे समुद्रावर. तुमच्या ९० दिवसांतले दोन-तीन आठवडे नुसते बसून जातील.

भाकरीभक्त :
३ किलोवॉट हे तिकडचं नेहमीचंच कनेक्शन आहे, बिघाड नाही. वीज कंपनीला सांगून साडेचार किंवा सहा करून घेता येतं, फक्त दरमहाचा स्थिर आकार वाढतो. मुलाला आजच अर्ज करायला सांगा. तोवर आधी गीझर, मग तो बंद करून कुकर. खेड्यात गॅस सिलिंडर मिळतो, पण शेगडी आणि रेग्युलेटर तिथलेच घ्या आणि सिलिंडर तळघरात कधीही ठेवू नका. तो गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साचून राहतो.

मिक्सर बिनधास्त न्या, व्होल्टेज आपलंच आहे, २३०. पिन मात्र बसणार नाही, अडॅप्टर लागेल. ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही, इंडक्शनला चालणारा स्टीलचा न्या. लोखंडी तवा चालतो.

तूप विसरा. युरोपात बाहेरून दुधाचं काहीही सामानातून नेता येत नाही, पेढेसुद्धा. तिथे बिनमिठाचं लोणी मिळतं, ते कढवा. बेसन दुकानात 'फारिना दी चेची' म्हणून मिळेल. तांदूळ तर पिएमोन्तेतच पिकतो, व्हेर्चेल्लीला. चिकट असतो, मऊ भाताला झकास. काळा मसाला आणि ज्वारीचं पीठ मात्र इथूनच.

पाहुणा_तोरिनोचा :
चहाचं राहिलंच. चहा कुणी पिणार नाही. मोकापॉट, म्हणजे शेगडीवर कॉफी करायचं छोटं भांडं, घेऊन ठेवा, सकाळी दहाच्या सुमाराला छोट्या कपात कॉफी दिली की खूश. दुपारी ते जेवायला जातात, गावातली दुकानंही दुपारी तीन-चार तास बंद. सामान सकाळीच आणा.

मूळ धागाकर्ती :
दोघांचेही खूप आभार. मुलाला फोन केला, ऑगस्टचं त्याला गवंड्याने सांगितलंच नव्हतं! आता मेच्या सुरुवातीला जाऊन जुलैअखेर परत यावं म्हणतोय. यांची कुरकुर चाललीय, आंब्यांचा सीझन बुडतो म्हणून. राहू दे.

एकच शंका उरली : मे महिन्यात त्या डोंगरावर रात्री थंडी असते का? घरात हीटर लावायचा झाला तर पुन्हा मीटरचा प्रश्न. गोधड्या इथून न्याव्यात का तिथेच ब्लँकेटं घ्यावीत?