मदत हवी आहे: मृणालिनी की जाह्नवी? आणि स्पेलिंगचं काय?

बारसं पुढच्या आठवड्यात आहे आणि घरात अजून एकमत नाही. हटके दोन अक्षरी नाव नको, जुनं, भारदस्त हवं, एवढंच पक्कं. आत्याबाईंचा हट्ट जाह्नवी, मला मृणालिनी आवडतं.

जाह्नवीत गोची अशी की जह्नू ऋषींवरून आलेलं, म्हणून शुद्ध रूप 'जाह्नवी', पण निम्मा महाराष्ट्र 'जान्हवी' लिहितो. इंग्रजीत एच आधी की एन आधी, यावर पोरगी जन्मभर कारकुनांशी भांडणार! मृणालिनीत आपण 'एमआरयू' लिहितो, उत्तरेत 'एमआरआय'. नवऱ्याची नोकरी दिल्लीत, म्हणून तो 'आय'च्या बाजूने. मला ते 'म्रिणालिनी' कानाला खटकतं.

त्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचंही नाव आलं: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. मला हे मनापासून आवडलंय. पण माझं नावही चार अक्षरी आणि 'नी'ने संपणारं, त्यामुळे मृणालिनीपाठोपाठ ते म्हटलं की यमक जुळवल्यासारखं वाटतं. नुसतं 'मृणाल' ठेवावं का? मृणाल गोरेंमुळे सासऱ्यांना ते लगेच पटेल. की अरुंधती, वसुधा असं काही बसेल?

जन्मनोंदीत नाव घालायला वर्षभर विनाशुल्क मुदत असते, तेव्हा दाखल्याची घाई नाही. पण नंतर पासपोर्ट, आधार सगळीकडे तेच स्पेलिंग लागणार. ज्यांच्या घरी मृणाल किंवा जाह्नवी आहे त्यांनी कोणतं स्पेलिंग ठेवलंय, आणि त्रास झाला का, ते सांगा ना.